काय, निघालात का?

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. कशावर बोलू म्हणून विचारलं तर म्हणाले, "काका, कशावरही बोला, फक्त मेंटेनन्सच्या थकबाकीवर बोलू नका." पाच वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे त्यांची भीती मी समजू शकतो. म्हणून मी असा विषय घेतलाय की ज्यात थकबाकी सगळ्यांची आहे आणि सगळ्यात जास्त माझी आहे. विषय आहे, इकडचं तिकडचं बोलणं. लिफ्टमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये आपण जे दोन-चार शब्द टाकतो ते. "काय, निघालात का?" "हो, निघालो." "आज उकडतंय फार." "हो ना." एवढंच.

हे बोलणं फालतू असतं असं मी आयुष्यभर समजत होतो. बँकेत चाळीस वर्षांच्या आसपास काढली की माणसाला मुद्द्याचं बोलायची सवय लागते. काउंटरपलीकडचा माणूस पावसाबद्दल बोलायला लागला की मागची रांग दिसते. घरीसुद्धा आमची हिची तक्रार हीच असायची की, "तुमच्याशी बोलायचं म्हणजे व्हाउचर भरून आणावं लागतं."

थोडं मागे जातो. २००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हाची डोंबिवली आठवा. तीन विंग, चौऱ्याऐंशी फ्लॅट. लिफ्टचा सांगाडा उभा होता, लिफ्ट नव्हती. पाण्याचं कनेक्शन मिळेपर्यंत टँकर यायचा, आणि टँकर आला की तिन्ही विंगमधली माणसं हंडे, बादल्या, बाळाचे टब घेऊन खाली. त्या रांगेत आपली निम्मी ओळख झाली. कोणाचं विरजण चांगलं लागतं, कोणाकडे स्क्रू ड्रायव्हर आहे, कोणाची मुलगी गणित शिकवते, हे सगळं टँकरच्या रांगेत कळलं. पुढे पाणी आलं, लिफ्ट आली, इंटरकॉम आला. चांगलंच झालं, मला परत हंडा उचलायची अजिबात हौस नाही. पण रांग गेली तसं रांगेतलं बोलणंही गेलं, आणि त्या जागी काय आलं, तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज पहाटे फुलांची चित्रं. ते असो.

आता दोन गोष्टी सांगतो. पहिली १९८३ सालची.

मी नुकताच ऑफिसर झालो होतो आणि सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका शाखेत बदली झाली होती. माण म्हणजे कायमचा दुष्काळी भाग. त्या काळात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची, म्हणजे आयआरडीपीची, कर्जं जोरात होती. गरीब कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन असं काहीतरी उत्पन्नाचं साधन घ्यायला बँकेनं कर्ज द्यायचं, सरकारनं सबसिडी द्यायची. शेतमजुराला किमतीचा तिसरा हिस्सा सबसिडी मिळत असे. म्हैस घेतली की तिचा विमा उतरवायचा आणि तिच्या कानात नंबरचा बिल्ला मारायचा. म्हैस मेली तर तो बिल्ला विमा कंपनीकडे द्यायचा, बिल्ला नाही तर पैसे नाहीत, असा साधा हिशेब.

एका वाडीवर एक हप्ता तीन महिने थकलेला. मी वसुलीला निघालो. बरोबर आमच्या शाखेचे शिपाई, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. एसटीनं गेलो, पुढे दोन-तीन मैल चालत. घरात म्हातारी एकटी होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, "हप्ता का भरला नाही?" म्हातारी गप्प. "मुलगा कुठे आहे?" गप्प. मी वहीत लिहिलं, 'कर्जदार गैरहजर, सहकार्य नाही,' आणि निघायला लागलो.

तात्या मात्र ओट्यावर बसले. म्हणाले, "मावशी, जरा पानी द्या. सायबाला ऊन लागलंय." पाणी आलं, गुळाचा खडा आला. मग तात्यांचं सुरू झालं. "औंदा पाऊस कसा काय तुमच्याकडं?" "कुटला पाऊस." "बाजरी आली का?" "पोटापुरती." "अन् शेळ्या किती हायत आता?" "दोन. एक इकली." "का इकली?" मी घड्याळ बघत होतो. परतीची एसटी साडेचारची. एका शेळीवर किती बोलायचं माणसानं! पण "का इकली" म्हटल्यावर म्हातारी जरा थांबली, आणि म्हणाली, "म्हस मेली. तवा लेक इट भट्टीवर गेला कामाला. जायाला पैसं नव्हतं, म्हून इकली."

म्हैस दोन महिन्यांपूर्वी मेली होती. गुरांचा डॉक्टर येऊन कागद देऊन गेला होता. आणि बिल्ला? तो म्हातारीनं फडक्यात बांधून डब्यात जपून ठेवला होता. बँकेची वस्तू, हरवली तर साहेब रागावतील म्हणून. म्हैस आपल्याकडून मेली म्हणजे आपल्यालाच पोलीस धरतील, या भीतीनं बँकेला कळवलं नव्हतं. त्या बिल्ल्याचे पैसे मिळतात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. सांगायचं काम कुणाचं होतं? बँकेचं, म्हणजे माझ्या खुर्चीचं.

उशीर झाल्यामुळे विमा कंपनीशी तीन-चार पत्रं लिहावी लागली, पण पैसे आले आणि कर्ज मिटलं. मी वहीतला शेरा खोडला. परत येताना एसटीत तात्यांना विचारलं, "तुम्हाला आधीच संशय आला होता का?" ते म्हणाले, "छ्या! मला काय म्हाईत. मी आपला बसलो."

मंडळी, मी इथे थांबून एक गोष्ट नोंदवतो, बँकेच्या सवयीनं. तात्यांचा पहिला प्रश्न पावसाचा होता. तो कोणीही विचारतो. त्या प्रश्नानं काही कळत नाही, फक्त समोरचा माणूस तोंड उघडतो. कळलं ते दुसऱ्या प्रश्नानं. "एक इकली" या उत्तरावर "अस्सं" म्हणून तात्या पुढे गेले असते तर बिल्ला डब्यातच राहिला असता. ते "का इकली" म्हणाले.

पोलंडमध्ये जन्मलेले मॅलिनोव्स्की नावाचे मोठे मानववंशशास्त्रज्ञ होऊन गेले. न्यू गिनीजवळच्या बेटांवर ते राहिले होते. त्यांनी १९२३ साली लिहिलं की हवापाण्याचं, तब्येतीचं बोलणं हे माहिती देण्यासाठी नसतंच, ते माणसामाणसात धागा बांधण्यासाठी असतं. आमच्या मुलीनं समाजशास्त्र घेतलं होतं, तिच्या पुस्तकात मी हे वाचलं. पटलं. पण मला वाटतं की धागा नुसता टाकून उपयोग नाही, दुसऱ्या टोकाला कोणीतरी धरलाय का हे बघावं लागतं.

आपल्याकडे यातही बारकावे आहेत. आमची आजी घराबाहेर पडणाऱ्याला "कुठे निघालास?" असं विचारू द्यायची नाही. 'कुठे' करू नये, काम होत नाही. "लांब का?" असं विचारायचं. म्हणजे चौकशीही झाली आणि सांगायचं की नाही ते जाणाऱ्याच्या मर्जीवर राहिलं. किती सभ्य पद्धत आहे पहा. मी मात्र त्यातला 'कुठे विचारू नये' एवढाच भाग उचलला, आणि "लांब का" विसरलो.

कारण दुसरी गोष्ट. ही सांगायला मी समोरच्या वहिनींची रीतसर परवानगी घेतली आहे. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये वहिनींचे यजमान. आम्ही दोघं एकाच आठवड्यात राहायला आलो. पुढची सात वर्षं, मी बँकेतून लोकलचे धक्के खाऊन संध्याकाळी सातच्या सुमारास जिना चढत असे आणि ते रेक्झिनची बॅग आणि डबा घेऊन उतरत असत. मी म्हणायचो, "काय, निघालात का?" ते म्हणायचे, "हो, निघालो." बास. २००७ मध्ये त्यांचं जाणं थांबलं, म्हणजे ते रिटायर झाले असावेत असं मी धरलं. मग सकाळी, "काय, फिरून आलात का?" "हो, आलो." अशी आणखी सहा वर्षं. तेरा वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही. लोक आम्हाला चांगले शेजारी म्हणत. मीही म्हणत असे.

२०१३ च्या भाद्रपदात ते गेले. वरच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मी खजिनदार आणि दारासमोरचा शेजारी, तेव्हा पहिलं बोलायला मला उभं केलं. उभा राहिलो आणि लक्षात आलं की माझ्याकडे काहीच नाही. मी म्हणालो, "अत्यंत शांत, मनमिळाऊ स्वभावाचे होते. मेंटेनन्स नेहमी वेळेवर भरत." हे वाक्य मी एका माणसाच्या फोटोसमोर, त्याच्या मुलांसमोर बोललो. त्यांचा फ्लॅट नंबर, शेअर सर्टिफिकेटचा नंबर, स्कूटरचा नंबर, नॉमिनीचं नाव, सगळं मला तोंडपाठ होतं. त्यांचं गाव माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी सातला डबा घेऊन माणूस कुठे जातो, हे सात वर्षांत मला विचारावंसं वाटलं नव्हतं.

मग आपले त्या वेळचे रात्रीचे वॉचमन मागे उभे होते, त्यांनी विचारलं, मी दोन शब्द बोलू का. जौनपूरकडचे होते ते. हिंदीत बोलले. म्हणाले, साहेब रेल्वेच्या टपाल खात्यात होते. तरुणपणी रात्रभर धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून पत्रं लावायचे, नंतर स्टेशनवरच्या सॉर्टिंग ऑफिसात रात्रपाळी. आणि म्हणाले, मी नोकरीला लागलो त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, तुझ्या गावचा पिन काय? मी सांगितला तर म्हणाले, २२२ म्हणजे जौनपूर! मला इथे ओळखणारं कोणी नव्हतं, पण माझा जिल्हा ओळखणारा माणूस भेटला. नंतर रोज सकाळी दूध घ्यायला आले की पाच मिनिटं थांबायचे आणि गावाकडे पाऊस झाला का ते विचारायचे. हे सांगताना त्या माणसाला रडू आलं.

पिनकोडचे पहिले तीन आकडे सॉर्टिंगचा जिल्हा दाखवतात, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? आपला ४२१. साताऱ्याकडचा ४१५. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, ती कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकरांची, टपाल खात्यातला मराठी अधिकारी आणि संस्कृतचा कवी. आणि १९७२ सालीच मी बँकेत लागलो. आमचे मेल ट्रान्सफर, ड्राफ्टची सूचनापत्रं, सगळं टपालानं जायचं, आणि उशीर झाला की आम्ही टपाल खात्याला शिव्या घालायचो. काय बोलायला मिळालं असतं आम्हा दोघांना! तेरा वर्षं पुरलं असतं.

अजून संपलं नाही. तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेलो, आणि या वेळी बसलो. त्यांना विचारलं, रात्रपाळी म्हणजे दिवसा झोपत असतील? त्या म्हणाल्या, "हो ना, म्हणून मी बेल काढून ठेवायची. नाहीतर दिवसभर कोणी ना कोणी." मंडळी, २००१ साली मी कमिटीला एक अर्ज केला होता. 'समोरील सभासद आपली बेल बंद ठेवतात, त्यामुळे कुरिअरवाले व विक्रेते आमची बेल वाजवतात, तरी त्यांना समज द्यावी.' तो अर्ज आजही फायलीत आहे, इनवर्ड नंबरसकट. खजिनदार असताना मी तो काढून पाहिला. सही माझीच आहे, झोकदार. कमिटीनं समज दिली होती. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी बेल लावून टाकली. म्हणजे पुढची सहा वर्षं त्यांची झोप मोडत राहिली, कारण मला "दिवसा घरी असता वाटतं?" एवढं विचारता आलं नाही. अर्ज लिहायला मात्र वेळ होता.

जे माणमध्ये शिकलो ते डोंबिवलीत विसरलो, दुसरं काय.

तेव्हापासून मी प्रयत्न करतो. सुरुवातीला जरा अतिच केला. लिफ्टमध्ये कोणी सापडला की मी प्रश्नांची फैर झाडायचो. ए विंगमधल्या एका मुलीनं कानातलं काढून फार नम्रपणे सांगितलं, "आजोबा, माझी मीटिंग चालू आहे." शिकलो. घाईत असलेल्याला, फोनवर असलेल्याला, डोळे लाल असलेल्याला नुसतं हसून सोडावं.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्या गप्पांमध्ये काही प्रश्न असे असतात की ते धागा बांधत नाहीत, बोचतात. लग्न कधी? गोड बातमी कधी? पॅकेज किती? तुम्ही भाड्यानं का? वजन वाढलेलं दिसतंय. याला चौकशी म्हणत नाहीत, भोचकपणा म्हणतात. आणि आडनाव विचारून झालं की लगेच "गाव कुठलं?" आणि मग "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" हेही आपल्यात चालतं. गाव विचारणं वाईट नाही. समोरच्या काकांनीही गावच विचारलं होतं. पण त्यांना पावसाचं ऐकायचं होतं, आपल्याला बऱ्याचदा दुसरंच काही ऐकायचं असतं, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं.

तरुण मंडळी म्हणतील, काका, अनोळखी माणसाशी बोलायला संकोच वाटतो, समोरच्याला नकोसं झालं तर? शिकागोमध्ये निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी रोज लोकलनं जाणाऱ्या लोकांवर प्रयोग केला. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. काहींना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, गप्प बसा. आधी लोकांना वाटत होतं की गप्प बसलेल्यांचाच प्रवास सुखाचा होईल. झालं उलटं, बोललेल्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. आपल्या डोंबिवलीच्या लोकलच्या ग्रुपवाल्यांना हे सांगायला शिकागोला जायची गरज नव्हती. चौथ्या सीटवर अर्धं बसून तीस वर्षांच्या मैत्र्या झाल्यात इथे.

२०२० च्या लॉकडाऊनचं एकच सांगतो. कमिटीकडे सभासदांचं 'आय' रजिस्टर होतं, 'जे' रजिस्टर होतं. बँकवाल्यांच्या भाषेत म्हणायचं तर केवायसी पूर्ण. पण कोण एकटं राहतं, कोणाला इन्सुलिन लागतं, कोणाचा मुलगा परदेशात अडकलाय, हे एकाही रजिस्टरमध्ये नव्हतं. ती यादी सांगितली सी विंगच्या आजींनी, खुर्चीत बसून, एका दमात. त्या रोज भाजीच्या गाडीपाशी अर्धा तास उभ्या असायच्या आणि आम्ही त्यांना हसायचो. पहिल्या आठवड्याची औषधं त्या यादीवरून पोचली. आजींचा आज सत्कार आहे असं कळलं, आनंद झाला.

सेक्रेटरी घड्याळ दाखवायला लागलेत, आटोपतं घेतो.

गेल्या महिन्यात संक्रांतीच्या आधी मी दार उघडलं तर समोर वहिनी, हातात पिशवी, कुलूप लावत होत्या. मी म्हटलं, "काय वहिनी, निघालात का? लांब?" म्हणाल्या, "लांब कुठली, पोस्टात. नातवाला तिळगूळ पाठवायचाय पुण्याला." मी म्हटलं, "पिन लिहिलात ना?" तर हसल्या. म्हणाल्या, "मला विचारताय? ह्यांनी सगळ्या नातेवाइकांचे पिन पाठ करून घेतले होते माझ्याकडून. जेवताना विचारायचे." मी विचारलं, "किती पाठ आहेत अजून?" त्यांनी पिशवी खाली ठेवली, जिन्याच्या कठड्याला टेकल्या आणि बोटांवर मोजत एकेक सांगायला लागल्या. कोणता कोणाचा, तो माणूस कसा, ह्यांचं त्याच्याशी काय बिनसलं होतं, सगळं.

पोस्ट बंद व्हायच्या आत पोचलो, एवढंच. मीही गेलो होतो बरोबर, पिशवी धरायला.